दुसऱ्या घरची बाटली

ज्या माणसानं उभं आयुष्य शेवाळ मारण्यात घालवलं, त्याच्याच घरात शेवाळ वाढावं आणि म्हातारपणी त्यासाठी त्याचाच जीव तुटावा, याला नशीब म्हणायचं की नशिबानं केलेली थट्टा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. क्लोरीनकाकांचं अजून ठरलेलं नाही.

क्लोरीनकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात ते तरुणपणी पंपचालक म्हणून लागले आणि तिथूनच म्हातारे होऊन बाहेर पडले. वस्तीत कुणाच्या नळाला जरा उग्र वास आला की लोक त्यांना रस्त्यात गाठून विचारायचे, "काय काका, आज हात सैल सोडला वाटतं?" नाव तिथून चिकटलं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट आपल्या पाण्याचा त्यांना भारी अभिमान. घरी कुणी आलं की नळाचा पेला भरून आधी खिडकीच्या उजेडात धरायचे, मग पाहुण्याच्या हातात द्यायचे. केंद्रातल्या टाक्यांच्या भिंतींवर हिरवा थर धरायला लागला की लांब दांड्याचा ब्रश घेऊन तो खरवडायचा, वरून क्लोरीन सोडायचा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. शेवाळासारखा चिवट वैरी दुसरा नाही, असं ते म्हणत.

केंद्राच्या पंपघरात आवाज एवढा, की माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलायची. ती घरघर दिवसभर कानांत साठवून काका घरी आले की त्यांना एकच गोष्ट हवी असायची, शांतता. दारात चपला काढता काढता म्हणायचे, "डोकं भणभणतंय. जरा शांत बस." आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे व्हायचे. बायको शांत बसायची. संसाराच्या सुरुवातीला तिनं काही सांगून पाहिलं असेल, पण पालथ्या घड्यावर कुणी किती दिवस पाणी ओतावं? पुढे ती सांगेनाशी झाली. काका मात्र चारचौघांत कौतुकानं म्हणायचे, "आमची मंडळी फार कमी बोलते. स्वभावच तसा."

पन्नाशीनंतर या कमी बोलणाऱ्या बाईला जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर लोह तळाला गेलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्या पोटाला मानवेनात. त्या दवाखान्यात एक आहारतज्ज्ञ बाई आठवड्यातून एकदा बायकांचा वर्ग घ्यायच्या. तिथून काकू एके दिवशी पाण्याची बाटली घेऊन घरी आल्या. आतलं पाणी गर्द हिरवं होतं.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"स्पिरुलिना."

काकांनी बाटली उजेडात धरली. पाण्यात बारीक बारीक हिरवे धागे तरंगत होते. "हे शेवाळ आहे," ते म्हणाले.

"बाई म्हणाल्या, शास्त्रात याला जिवाणू म्हणतात. वाळवलं की निम्म्याहून जास्त प्रथिनं. लोह आहे, गाजरात असतं ते डोळ्यांना चांगलं असलेलं सत्त्वही आहे."

"जन्मभर मी हे टाक्यांतून खरवडून फेकलं, आणि तू खाणार?"

"हो," काकू म्हणाल्या. एवढंच. त्या वर्षात त्यांच्यात झालेलं हे बहुधा सगळ्यात लांब संभाषण असावं.

मग गॅलरीत दोन काचेच्या पेट्या आणि एक रुंद प्लास्टिकचा टब आला, खिडकीत एक छोटी बरणी आली. पाण्यात खायचा सोडा आणि मीठ मोजून घालायचं, थोडी खतं घालायची, ऊन सोसेल एवढंच द्यायचं, दुपारी वर पातळ कापड टाकायचं. पाणी गर्द झालं की तलम कापडातून गाळायचं. कापडावर जो हिरवा गोळा उरतो तो स्वच्छ पाण्यानं धुऊन पिळायचा. त्यातलं चमचाभर ताजं खायचं, उरलेलं पातळ थापून सावलीत वाळवायचं आणि कुटून डब्यात भरायचं. चवीला त्याला फारसं काही नाही, पण वास तळ्याकाठचा. काकू सुरुवातीला नाक धरून खायच्या. पुढे सूपमध्ये घालायला लागल्या. काकांच्या सूपमध्येही घालायच्या, आणि हिरवं सूप समोर आलं की काका त्याच्याकडे जुना वैरी पंगतीला येऊन बसल्यासारखं बघायचे. पण प्यायचे.

वर्गातल्या बाई मात्र धंदेवाईक नव्हत्या. उगाच गुण गायच्या नाहीत. हे औषध नव्हे, असं त्यांनी बायकांना बजावलं होतं. ब-बारा जीवनसत्त्वासाठी याच्यावर विसंबू नका, यात ते दिसतं पण अंगी लागत नाही. पाणी घाणेरडं असेल तर घाणही यातच उतरते, म्हणून भांडं स्वच्छ हवं. आणि सगळ्यात शेवटी एक नियम, जो या बायका वेदवाक्यासारखा पाळायच्या. एक बाटली नेहमी दुसऱ्या घरी ठेवायची. हे जिवंत आहे, आपल्या हातून कधीतरी मरणारच. ज्या दिवशी मरेल त्या दिवशी दुसऱ्या घरून आणायचं. दुधाचं विरजण जसं शेजारून आणतात तसं. काकू त्याला विरजणच म्हणायच्या.

"एक बाटली दुसऱ्या घरी ठेवलीय हं," त्यांनी काकांना सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

"हूं," काका म्हणायचे. कुणाच्या घरी, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पाणी सतत हलतं राहावं लागतं, नाहीतर धागे वर येऊन साय धरते आणि खालच्यांना उजेड मिळत नाही. त्यासाठी काकूंनी हवा सोडणारा एक छोटा पंप आणला होता, मुठीत मावेल एवढा. काका कामावरून आले, गॅलरीत डोकावताना त्यांनी तो ऐकला, आणि म्हणाले, "आता घरातही पंप?" काकूंनी तो त्याच क्षणी बंद केला, डब्यात घातला आणि डबा गॅलरीतल्या फळीवर ठेवला. तेव्हापासून त्या लाकडी पळीनं हातानं ढवळायच्या. सकाळी ढवळायच्या, पोळीचं पीठ भिजवून झालं की ढवळायच्या, कपडे वाळत घालताना ढवळायच्या. काका निवृत्त झाले, घरात बसले, तरी पंप डब्यातच राहिला. काकांना वाटायचं, हिला हातानं ढवळायला आवडतं.

काकूंचं रक्त वाढलं. हिरव्या चमच्यामुळे वाढलं, की डॉक्टरांनी बदलून दिलेल्या गोळ्यांमुळे, की त्या जरा बरं जेवायला लागल्यामुळे, हे देव जाणे. श्रेय त्यांनी शेवाळाला दिलं आणि ते कुणी नाकारलं नाही. आणि मग एका दुपारी त्या जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं होतं. त्याच्याशी लोहाचा संबंध नव्हता, शेवाळाचा तर नव्हताच.

माणसं आली, गेली. मुलगी दूरच्या शहरातून आली, राहिली, आणि तिला जावं लागलं. घर रिकामं झालं तेव्हा काका गॅलरीत गेले. टबात पाण्यावर हिरवी साय धरली होती. त्यांनी पळी घेतली आणि ढवळलं.

त्यानंतर ते ढवळतच राहिले. का, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी थापच मारली असती. खरं कारण साधं होतं. घरात तिच्या हातचं असं जिवंत तेवढंच उरलं होतं. कपाट मेलेलं, भांडी मेलेली, तिच्या चपला तर बघवत नव्हत्या. हे मात्र तिनं वाढवलेलं आणि अजून वाढणारं. ती गाळायची तसं ते गाळायला लागले. ती खायची तसा चमचाभर खायला लागले. एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा, मग पाव, एखादं उकडलेलं अंडं आणि तो हिरवा चमचा. यात सगळं असतं, असं ते स्वतःला सांगायचे. त्यांचे गाल बसले होते, पण आरशासमोर ते दाढीपुरतेच उभे राहत.

उन्हाळ्यात मुलीनं हट्टानं बोलावून घेतलं. तिच्याकडे आठवडाभर राहून काका परतले तेव्हा गॅलरीतलं पाणी आटून निम्म्यावर आलं होतं. उरलेलं घट्ट, गडद, पण जिवंत होतं. काकांना इतकं अपराधी वाटलं की चपलाही न काढता त्यांनी नळाला रबरी नळी लावली आणि टब, दोन्ही पेट्या, खिडकीतली छोटी बरणी, सगळं काठोकाठ भरून टाकलं.

आता काकू काय करायच्या, तर बादलीभर पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घालायच्या. क्लोरीन उडून जावा म्हणून. त्यावरून दोघांची एकदा शब्दाशब्दी झाली होती. माझ्या पाण्यात काय खोट आहे, म्हणून काका रुसले होते. पट्टीचा पोहणाराच बुडतो, ते असं. त्या आठवड्यात खालच्या रस्त्यावरची मुख्य वाहिनी फुटली होती आणि ती जोडल्यावर केंद्रानं नियमाप्रमाणे क्लोरीन वाढवून सोडला होता. हा नियम शहरात दुसऱ्या कुणाला नाही तरी काकांना पाठ होता. त्यांनीच कितीदा तसा सोडला होता. पाणी भरताना त्यांच्या नाकाला वासही आला. पण तो वास त्यांना आयुष्यभर चांगल्या पाण्याचा वास वाटत आला होता.

सकाळी टबातलं पाणी पिवळट झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते करडं झालं, तळाशी गाळ बसला, आणि मग घाण सुटली. पेट्या गेल्या. बरणी गेली. काका टबाशेजारी स्टुलावर बसून राहिले. बायको गेली त्या दिवशी लोक होते, धावपळ होती, रडायला सवड नव्हती. आज भरपूर सवड होती.

रडून झाल्यावर त्यांना दुसऱ्या घरची बाटली आठवली.

कुणाचं घर? काका डोकं धरून बसले. बायकोच्या मैत्रिणी कोण? ती कुठे जायची? इतक्या वर्षांच्या संसारात या प्रश्नांना उत्तर म्हणून एकही नाव त्यांच्याजवळ निघेना. बुधवारी दुपारी ती पिशवी घेऊन बाहेर पडायची, एवढं त्यांना माहीत होतं. ती वेळ त्यांच्या झोपेची.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मला कसं माहीत असणार? मी इथे असते. तुम्ही तिथे होतात."

वर्गातल्या बाईंना विचारावं म्हणून दवाखान्यात गेले, तर बाई केव्हाच बदलून गेल्या होत्या. मग ते खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेले. काकू त्यांना पूड द्यायच्या हे आठवत होतं.

"पूड द्यायच्या. बाटली नाही," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं ते ढवळणं झालं नसतं." मग त्यांनी काकांकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही जेवता का?"

"जेवतो की. स्पिरुलिना असतं, पाव असतो."

"चमचाभर खाता ना? चमचाभरात प्रथिनं असून असून किती असणार? एका अंड्याएवढीसुद्धा नाहीत. ते ताटाशेजारी ठेवायचं असतं काका, ताटाच्या जागी नाही. काकू असत्या तर त्यांनी तुम्हाला हे सांगितलं असतं."

काकू असत्या तर ताटही असतं, असं काकांच्या ओठांवर आलं होतं. 

नर्सबाईंनी त्यांना मासेवाल्याकडे पाठवलं. म्हणजे खायच्या माशांचा नव्हे, पेटीतल्या रंगीत माशांचा दुकानदार. तो गल्लीच्या टोकाला बसायचा. काकूंची पूड तो माशांच्या खाण्यात मिसळायचा. त्यानं माशांचे रंग उजळतात, असं तो गिऱ्हाइकांना शपथेवर सांगायचा.

"माझ्याकडे वाढवलेलं नाही, काका. आमचे मासे ते एका दिवसात फस्त करतील," तो म्हणाला. "पण काकू बुधवारी माझ्याकडे पूड टाकून पुढे जायच्या. त्या वळणापलीकडे, रफूवालीकडे. येता-जाता तिथे बसलेल्या दिसायच्या. चांगल्या तास-दीड तास."

रफूवालीचं दुकान म्हणजे एक खिडकी आणि तिच्यामागे खोली. काका रोज सकाळी फिरायला त्या खिडकीवरून जायचे. आज ते पहिल्यांदा तिथे थांबले. खिडकीच्या कट्ट्यावर, दोऱ्यांच्या रिळांच्या रांगेशेजारी, एक मोठी काचेची बरणी उन्हात उभी होती. तोंडाला पातळ कापड बांधलेलं. आतलं पाणी गर्द हिरवं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना. काकांना ती रोज दिसायची. कसलातरी रंग असेल, असं त्यांना वाटायचं.

 रफूवालीनंच मान वर केली. चष्म्यातून त्यांना बघितलं आणि शिवणयंत्रावरचा पाय थांबवला.

"काकूंचे ना तुम्ही? या. मला वाटलं, आधीच याल."

आत एक बुटकं स्टूल होतं. काका त्यावर बसले. नळाच्या पाण्याची हकीकत त्यांनी मान खाली घालून सांगितली. ती हसली नाही. उठली, एक बाटली विसळली, बरणी हलवून घेतली आणि बाटली भरायला लागली.

"पाणी शिळं करून घाला हं," ती म्हणाली. "काकू सारख्या सांगायच्या. आमचे हे पाण्याच्या खात्यातले, पण नळाखाली बरणी धरू नकोस, म्हणायच्या. फार बोलायच्या."

"कोण?"

"काकू."

"ती कमी बोलायची," काका म्हणाले. "स्वभावच तसा होता तिचा."

रफूवालीनं बाटलीला बूच लावलं आणि त्यांच्याकडे जरा नवलानं बघितलं. "काकू? अहो, त्या आल्या की इथून उठेपर्यंत तोंड मिटायचं नाही. हसायच्या किती. नकला करायच्या. तुमच्या मासेवाल्याची करायच्या, डॉक्टरांची करायच्या."

काकांना आपल्या बायकोनं केलेली नक्कल डोळ्यांसमोर आणता येईना. त्यांनी प्रयत्न करून पाहिला. त्यांना ती पळी ढवळताना दिसली, पाठमोरी.

"काय बोलायची?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, विषय काय असायचे?"

"तेच तर," रफूवाली म्हणाली आणि तिनं कानाला हात लावला. "मला या कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं निम्मं. त्यात हे यंत्र चालू. अर्धंअधिक कळायचंच नाही. मी एकदा म्हटलं, काकू, मला काही नीट ऐकू येत नाही, तुम्ही कशाला एवढा घसा सुकवता? तर म्हणाल्या, असू दे गं. तू गप्प बस असं म्हणत नाहीस, तेवढं पुरे."

ती सहज बोलून गेली. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती रिळं सरळ करायला लागली.

"तुमच्याबद्दल वाईट नाही बोलल्या कधी," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मला ऐकू आलं त्यात तरी."

काका बाटली धरून बसून राहिले. बाटली उन्हानं कोमट झाली होती. जे मिळवायला निघालो होतो ते मिळालं होतं. तिच्या हातचं, न तुटलेलं. पण तिनं इतकी वर्षं बुधवारच्या बुधवार जे सांगितलं होतं, ते सगळं एका अर्ध्या कानात पडून यंत्राच्या आवाजात विरून गेलं होतं. आणि शाबूत दोन कान घेऊन ते स्वतः तेव्हा घरी झोपले होते. त्यांना लाज वाटली. इतकी, की आभार मानायचंही विसरून ते उठून बाहेर पडले.

"नियम माहीत आहे ना?" रफूवालीनं दारातून विचारलं. "तुमचं वाढलं की माझं दुसरं घर तुमचंच. काकू गेल्यापासून माझंही एकच घर होतं. रोज भीती वाटायची."

"हूं," काका म्हणाले. मग दोन पावलं गेल्यावर ते परत फिरले आणि मोठ्यानं, तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "येईन. बुधवारी येईन."

घरी त्यांनी टब घासून धुतला. बादली भरून दिवसभर उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी वास घेऊन पाहिला, मग सोडा आणि मीठ विरघळवलं, आणि बाटलीतलं हिरवं पाणी धार धरून हळूच सोडलं. एवढ्या मोठ्या टबात ते अगदीच फिकं दिसायला लागलं, पण हिरवं होतं. बटाटे उकडायला ठेवले होते. नर्सबाईंनी वाटीभर डाळ पाठवली होती, ती गरम करायची होती.

पळी घ्यायला त्यांनी फळीकडे हात नेला आणि तिच्याशेजारी तो डबा दिसला. काकांनी तो खाली घेतला, उघडला. पंप नवाकोरा होता. त्याची नळी अजून गुंडाळलेली होती, तिनं बांधलेल्या दोऱ्यासकट. त्यांनी दोरा सोडला, नळी टबात सोडली, बटण दाबलं. पाण्यात बुडबुड्यांची बारीक रांग उठली आणि धागे गोल फिरायला लागले.

काका थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग ते आतल्या खोलीत गेले, कामावरून आल्यावर पडायचे त्याच खाटेवर आडवे झाले, आणि त्यांनी पंपाच्या घरघरीसाठी कान दिला. काहीच ऐकू येईना. गॅलरीचं दार तर उघडंच होतं.